तिसऱ्या झेरॉक्सवर वाचता येणारे मथळे

कुंदाताई पेठे यांची आणि माझी पहिली भेट चौतीस वर्षांपूर्वीची. भोरच्या बाजारपेठेत धान्याच्या एका दुकानावरच्या माडीवर त्यांचा टंकलेखनाचा वर्ग होता. मी कामथडीचा. पुण्याच्या एका दैनिकाला तालुक्याच्या बातम्या पाठवण्याचे काम मला नुकतेच मिळाले होते. माझे अक्षर कोणालाच लागत नसल्यामुळे यापुढे बातमी टाइप करूनच पाठवा, अशी ताकीद कार्यालयाने दिली होती. मी जिना चढून गेलो आणि चार पाने ताईंच्या पुढे ठेवली. त्यांनी चष्मा सरसावला, पहिले पान निरखले, उलटे धरून पाहिले आणि पुन्हा सुलटे केले.

“यात मराठी कुठे सुरू होते?” त्यांनी विचारले.

यंत्रांची खडखड थांबली आणि अख्खा वर्ग हसला. ताई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी मला समोरच्या स्टुलावर बसवले, एकेक ओळ माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतली आणि पाऊण तासात बातमी टाइप करून हातात दिली. जाताना म्हणाल्या, “उद्यापासून साडेसातच्या तुकडीला या. दर वेळी मी तुमचं वाचून घेणार नाही.” मी गेलो. आज दहा बोटांनी जो टाइप करतो, तो त्या साडेसातच्या तुकडीमुळे.

ताईंच्या पंचाहत्तरीनिमित्त निघालेल्या या गौरवग्रंथाच्या वाचकांपैकी बहुतेक जण ताईंचे विद्यार्थी आहेत. कोणी कचेरीत, कोणी वकिलांकडे, कोणी शाळेच्या कार्यालयात आयुष्य काढले. त्यांना ताईंच्या वर्गाची शिस्त सांगायला नको. पण एका गोष्टीविषयी मला सविस्तर लिहायचे आहे, आणि ती गोष्ट म्हणजे ताईंचे मथळे. राखाडी पट्टीवरचे, सरळ, शांत मथळे. भोर-वेल्ह्यातल्या कोणत्याही कपाटातली जुनी फाइल उघडली, तर ताईंकडचा कागद कोणता, हे त्या पट्टीवरून ओळखता येते.

टाइपरायटरच्या काळात ही पट्टी ताई हाताने घडवत. मथळ्याच्या वर आणि खाली तिरक्या रेघांची एकेक ओळ ठोकायची आणि मधली जागा मोकळी सोडून त्यात मथळा. लांबून पाहिले की राखाडी पट्टी दिसे. पंचवीस वर्षांपूर्वी, पन्नाशीत, त्या संगणक शिकल्या. तेव्हा तिरक्या रेघांच्या जागी शेडिंग, म्हणजे अक्षरांमागे भरलेली राखाडी छटा, आले. आपल्याकडे टाइपिंगच्या दुकानांतून शेडिंगची काय दशा होते, ते सगळ्यांनी पाहिले आहे. नुसती अक्षरे निवडून शेडिंग दिले की ते अक्षरांपुरतेच उमटते, मथळा जिथे संपतो तिथे तुटते. ताई त्याला ‘ठिगळ’ म्हणतात. संपूर्ण ओळीला, या कडेपासून त्या कडेपर्यंत दिलेले शेडिंग ही ‘पट्टी’. “ठिगळ लावायचं असेल तर शिंप्याकडे जा,” हे वाक्य किती जणांनी ऐकले असेल, याची गणती नाही.

दुसरा त्यांचा आग्रह असा, की मथळ्याची स्टाईल एकदाच ठरवून ठेवायची आणि सगळ्या मथळ्यांना तीच लावायची. म्हणजे उद्या छटा बदलायची झाली तर एका ठिकाणी बदलली की सगळीकडे बदलते. दीडशे पानांच्या अहवालात एकेक मथळा निवडून रंगवत बसलेल्या एका विद्यार्थिनीला त्यांनी उठवले, स्वतः बसल्या, आणि ती पाणी पिऊन येईपर्यंत काम संपवून उठल्या. “घाई असली की अक्कल वापरावी, बोटं नाही,” एवढेच म्हणाल्या.

तिसरा आग्रह सर्वांत महत्त्वाचा. शेडिंग दहा टक्क्यांच्या वर न्यायचे नाही, आणि कागद बाहेर जाण्याआधी तीन झेरॉक्सांची परीक्षा घ्यायची. छापलेल्या पानाची झेरॉक्स काढायची, त्या झेरॉक्सची झेरॉक्स, आणि तिचीही झेरॉक्स. ती तिसरी प्रत खाली चहाच्या गाडीवर बबनरावांना वाचायला द्यायची. बबनरावांचा चष्मा जुन्या नंबरचा, त्यामुळे परीक्षा कडक होई. “ताई, सकाळच्या पारी मला कुनाच्या मृत्युपत्राचं हेडिंग वाचाया लावता?” म्हणून ते कुरकुरत, पण वाचत. त्यांना वाचता आले तर कागद पास.

मी एकदा विचारले, एवढे कशासाठी? ताईंनी कार्बनच्या काळातली गोष्ट सांगितली. यंत्रात एका वेळी चार कार्बन घातले की वरची प्रत सुरेख येई आणि तळाची अंधूक. “वरची प्रत साहेबांकडे जाते. ते सही करतात आणि फाइलला लावतात. तळाची प्रत ज्याचं काम असतं त्याच्याकडे जाते. मग कागद कोणासाठी करायचा?” असे त्यांनी मलाच विचारले होते.

ही परीक्षा ताईंनी आयुष्यात एकदाच चुकवली, आणि ती माझ्यामुळे. त्याची हकिगत आजवर आम्हा दोघांपलीकडे फारशी कोणाला ठाऊक नाही. ती या ग्रंथात लिहू का, असे विचारले तेव्हा ताई म्हणाल्या, “लिहा. पण चूक माझी म्हणून लिहा.” चौतीस वर्षांत त्यांचा हा एकच शब्द मी मोडत आहे.

सात वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात एका सेवाभावी मंडळाने भोर आणि वेल्ह्याच्या गावांसाठी प्रथमोपचाराची पाने करायचे ठरवले. साप चावल्यास, कुत्रा चावल्यास, भाजल्यास, बुडाल्यास अशी बारा पाने. डॉक्टरांकडून माहिती घेऊन मजकूर मी लिहिला, मांडणी ताईंकडे आली. आशा आरोग्य कार्यकर्त्यांमार्फत, म्हणजे आशाताईंमार्फत, ती पाने गावोगाव भिंतींवर लागणार होती. मंडळाच्या कार्यक्रमाची तारीख ठरली होती आणि मी तारखांवर जगणारा माणूस. ताईंनी नेहमीची फिकी पट्टी दिलेली पाहून मी म्हणालो, “ताई, हे भिंतीवर उठून दिसणार नाही. काळी पट्टी आणि वर पांढरी अक्षरे करा. वर्तमानपत्रात असतात तशी.”

“झेरॉक्सला टिकणार नाही,” ताई म्हणाल्या.

“झेरॉक्स कोण काढतंय? छापूनच देणार आहेत.”

“आधी तीन प्रती काढून बघते.”

त्या दिवशी बाजारपेठेत वीज नव्हती. पाने चारच्या गाडीने पुण्याला छपाईला जायची होती. वीज आली तेव्हा छापण्यापुरता वेळ उरला होता, परीक्षेपुरता नव्हता. मी घड्याळ दाखवले. मंडळाच्या लोकांनाही काळी पट्टी आवडली होती. ताईंनी एकदा पानांकडे पाहिले, एकदा माझ्याकडे, आणि पाने दिली.

छापलेली पाने तालुक्याच्या ठिकाणी पोहोचली आणि संपली. मग आपल्याकडे जे होते तेच झाले. एका गावाने दुसऱ्याला झेरॉक्स काढून दिली, दुसऱ्याने त्या झेरॉक्सची झेरॉक्स तिसऱ्याला. खालच्या गावांत पाने चांगली होती. वर वेल्ह्याच्या डोंगरात पोहोचेपर्यंत काळ्या पट्टीत पांढरी अक्षरे बुजून गेली. बारा पाने, बारा काळ्या पट्ट्या, आणि कोणते पान कशाचे, ते कळायला मार्ग नाही. मी मजकूरही वर्तमानपत्री काटकसरीने लिहिला होता. मथळ्यात साप म्हटले आहे, मग खाली पुन्हा कशाला? त्यामुळे खालच्या ओळींत कोठेही सापाचे किंवा कुत्र्याचे नाव नव्हते.

मे महिन्याच्या अखेरीस सविता कोंढाळकर माडीवर आल्या. वेल्ह्याच्या वरच्या अंगाला त्या आशा कार्यकर्त्या आहेत. मी तेव्हा तिथेच होतो. त्यांनी पिशवीतून भिंतीवरून सोललेले एक पान काढून टेबलावर ठेवले. त्याच्या पाठीला अजून चुना चिकटलेला होता.

“ताई, ह्ये तुमीच केलंय न्हवं?”

त्यांच्या गावात रखमाबाईंना सरपणाच्या ढिगात हाताला साप चावला होता. सविताबाई त्या दिवशी मीटिंगला गेलेल्या. रखमाबाईंचा मुलगा तुकाराम समाजमंदिराकडे पळाला. भिंतीवर बारा काळ्या पट्ट्या. ‘चावलेली जागा’ हे शब्द ज्या पानावर दिसले ते त्याने वाचले. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा, असे तिथे लिहिले होते. ते कुत्र्याचे पान होते. सापाच्या पानावर पहिलीच ओळ होती, रुग्णाला चालू देऊ नका, हात-पाय हलवू देऊ नका, ताबडतोब उचलून रुग्णालयात न्या. तुकारामाने आईला चालवत नळावर नेले आणि घड्याळ लावून हात धुतला.

“साबनसुदीक नवा फोडला त्यानं,” सविताबाई म्हणाल्या. “बिचारा लिवल्यापरमान करत व्हता.”

शेजारच्या जीपवाल्याने ते पाहिले आणि आरडाओरडा करून दोघांना गाडीत घातले. रखमाबाई वाचल्या. बरेच दिवस रुग्णालयात होत्या. उजव्या हाताची दोन बोटे मात्र आजही सरळ होत नाहीत.

ताईंनी पान उचलून दाराच्या उजेडात धरले. काळ्या पट्टीवरून बोट फिरवले. मग म्हणाल्या, “हो. मीच केलंय.”

मी बोलायला तोंड उघडले. ताईंनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, की साडेसातच्या तुकडीतला विद्यार्थी जागच्या जागी बसला. त्यांनी संगणक सुरू केला, फाइल उघडली आणि मथळ्याच्या स्टाईलमधली छटा बदलली. दहा टक्के राखाडी, काळी ठळक अक्षरे, वर आणि खाली एक बारीक रेघ. बाराही मथळे एकदम बदलले. मग माझ्या मजकुरातल्या प्रत्येक पानाच्या पहिल्या ओळीत त्यांनी साप, कुत्रा, विंचू ही नावे घातली. “पट्टी गेली तरी खालच्या ओळीला स्वतःच्या पायावर उभं राहता आलं पाहिजे,” हे त्या माझ्यासाठी बोलल्या. तीन झेरॉक्स काढल्या. बबनरावांनी बारा मथळे घडाघडा वाचले.

छटा बदलायला अर्धे मिनिटही लागले नव्हते. ताईंनी कपाटातून नवी वही काढली आणि रेघा मारल्या. “सविता, बस. हे कुठे कुठे लागलंय, एकेक गाव सांग.”

आषाढात लावणी सुरू होते. लोक चिखलात, बांधावर, गवतात असतात आणि सापाचे प्रसंग वाढतात. लावणीच्या आधी एकही काळी पट्टी भिंतीवर राहता कामा नये, असे ताईंनी त्या दिवशी ठरवले. हातात सहा आठवडे होते आणि ताईंचे वय होते अडुसष्ट. मी सुचवले, नवी पाने टपालाने पाठवू. ताई म्हणाल्या, “नवं पान पोहोचलं म्हणजे जुनं निघालं असं होत नाही. आपल्याकडे जुन्याच्या शेजारी नवं चिकटवतात.” जुने पान आपल्या पिशवीत पडल्याशिवाय वहीत खूण करायची नाही, हा नियम त्यांनी घातला.

मग सुरू झाले. महामार्गाकडची गावे मला दिली. वेल्ह्याची बाजू ताई आणि सविताबाईंनी घेतली. ताईंच्या कापडी पिशवीत नव्या पानांची गुंडाळी, डब्यात गव्हाच्या पिठाची खळ, आणि जुने पान खरवडायला स्वयंपाकघरातले उलथने. सकाळची पहिली एसटी पकडायची, नसरापूरला गाडी बदलायची आणि वर जायचे. गाडीवरचे वाहक त्यांना ओळखू लागले. “काय ताई, आज कुनाच्या घरची भाकरी उलटायची?” असे विचारून पिशवी वर घेत.

काम सोपे नव्हते. एका गावातल्या कारभारी माणसाने साफ सांगितले, “ह्ये सरकारी हाय. वर शिक्का हाय. आमी काढून कसं द्यावं?” शिक्का मंडळाचा होता, सरकारचा नव्हता. पण ताई वाद घालत बसल्या नाहीत. त्यांनी आधीच्या गावातून काढलेले काळ्या पट्टीचे पान कारभाऱ्यांसमोर धरले आणि म्हणाल्या, “वाचून दाखवा. वाचता आलं तर मी परत जाते.” कारभाऱ्यांनी पान जवळ धरले, लांब धरले, उन्हात नेले. शेवटी म्हणाले, “उलथनं द्या हिकडं.”

माझ्याकडचे अनुभवही वेगळे नव्हते. शिवऱ्याच्या गॅरेजमध्ये पान दिनदर्शिकेखाली दडलेले होते. सारोळ्याला पुलाजवळच्या चहाच्या टपरीवर मालकाने पानाला लॅमिनेशन करून चार खिळे ठोकले होते. “आता पाच वर्सं हलत न्हाई बगा,” असे त्यांनी अभिमानाने सांगितले. मी हात हलवत परत आलो. दुसऱ्या दिवशी ताई वेल्ह्याची गाडी सोडून माझ्याबरोबर सारोळ्याला आल्या. मालकांनी तेच वाक्य त्यांनाही ऐकवले.

“पाच वर्षं हलणार नाही म्हणूनच आज हलवायचं आहे,” ताई म्हणाल्या. “रखमाबाईंची बोटं पाहायला येता का माझ्याबरोबर?”

मालकांनी पक्कड आणली आणि खिळे काढले. नवे पान त्यांनी पुन्हा लॅमिनेशन करून लावले. ते आजही तिथे आहे.

जमा झालेली जुनी पाने ताई घरी आंघोळीच्या बंबात घालत. मी एकदा म्हणालो, पाठकोऱ्या म्हणून वापरता येतील. “नको,” त्या म्हणाल्या. “कागद फिरतो. कुठून कुठे जाईल सांगता येत नाही.”

त्या सहा आठवड्यांत मला ताईंच्या स्वभावाची जी ओळख झाली, ती आधीच्या सगळ्या वर्षांत झाली नव्हती. त्यांनी एकदाही ‘मी सांगितलं होतं’ असे म्हटले नाही. मंडळाच्या बैठकीत कोणी तरी आशाताईंनी पाने नीट पाहून लावायला हवी होती, असे बोलले. ताई उभ्या राहिल्या. “आशाताईंकडे जे पोहोचलं ते त्यांनी लावलं. जे पोहोचलं ते माझ्या टेबलावरून निघालं होतं. सविताचं नाव यात पुन्हा घ्यायचं नाही.” मी शेजारी बसलो होतो. माझेही नाव त्यांनी घेतले नाही. घरी येताना मी कबूल केले, की काळी पट्टी माझी, घाई माझी आणि काटकसरही माझी. ताई म्हणाल्या, “मजकूर तुमचा होता. कागद माझा होता.” विषय संपला. वहीच्या पहिल्या पानावर त्यांनी लिहिलेले मी नंतर पाहिले. फक्त तीन शब्द होते. ‘परीक्षा घेतली नाही.’ कोणी, ते लिहिलेले नव्हते.

लावणीच्या तोंडावर वहीत एकच ओळ उरली. शेवटच्या गावाच्या वर, पठारावर एक धनगरवस्ती होती. तिथल्या जनाबाई ढेबे यांनी बाजाराच्या दिवशी सविताबाईंकडून सापाचे तेवढे एक पान नेले होते. झेरॉक्सची झेरॉक्स, तीही डोंगराच्या टोकाला. म्हणजे पट्टी डांबरासारखी असणार. ताई आणि सविताबाई निघाल्या, पण दोन दिवस आधीच डोंगरात पाऊस लागला होता. वस्तीच्या अलीकडचा ओढा दुथडी भरून चालला होता. पलीकडे जनाबाई म्हशी घेऊन उभ्या होत्या. सविताबाईंनी पुढचे सांगितले ते असे.

“ताई पाण्यात पाय टाकाय निगाल्या व्हत्या. म्या पदर धरून वढलं मागं. म्हनलं, सापाच्या कागदापायी तुमी बुडाल, मग ते बुडाल्याचं पान कुनाला वाचाया लावू? मग थांबल्या. आन वरडाय लागल्या. काळ्या पट्टीचं पान काढाऽऽ! भिंतीवरनं काढाऽऽ! येवढीशी बाई, पर घसा फुटंस्तोवर वरडली. पान्याचा आवाज लई. जनाबाईनं हात वर केला.”

“म्हणजे ऐकू गेलं,” मी म्हणालो.

“हात म्हशी हाकायलाही वर करतात,” ताई म्हणाल्या.

पंधरा दिवसांनी ओढा उतरला. एका दूधवाल्याबरोबर ताईंनी नवे पान वर पाठवले. ‘दिलं’ एवढाच निरोप आला, जुने पान आले नाही. ताईंनी खूण केली नाही. त्याच हिवाळ्यात जनाबाई लेकीकडे कोकणात उतरल्या आणि घराला कुलूप लागले. पुढच्या वर्षांत ताईंनी दोनदा माणूस पाठवला. दोन्ही वेळा कुलूप. आम्ही म्हटले, आता तिथे राहतेच कोण? ताई म्हणाल्या, “कुलूप म्हणजे काढलेलं पान नव्हे. माणसं परत येतात.” वही टेबलाच्या वरच्या खणातच राहिली.

पंचाहत्तरीचा समारंभ ठरवायला आम्ही सगळे गेल्या उन्हाळ्यात ताईंकडे गेलो होतो. शाल, मानपत्र, ग्रंथ असे बोलणे चालले होते. काय हवे, असे विचारल्यावर ताईंनी खण उघडून वही काढली आणि ती न भरलेली ओळ दाखवली. “हे आणून देता आलं तर बघा.”

योग असा, की त्याच सुमारास सविताबाईंचा फोन आला. जनाबाई परत आल्या आहेत, लेकीकडे मन रमले नाही, म्हशी नाहीत पण घर उघडले आहे. गेल्या महिन्यात सविताबाई आणि मी वर गेलो. ओढ्यात घोटाभर पाणी होते. जनाबाई ओटीवर बसल्या होत्या. दाराच्या आतल्या भिंतीवर ताईंचे नवे पान होते. धुराने पिवळे पडले होते, पण दहा टक्क्यांच्या पट्टीवर ‘साप चावल्यास’ हे शब्द उंबऱ्यातूनही वाचता येत होते. जुने पान कोठे दिसेना.

“मावशी, हितं आदी एक काळ्या पट्टीचं पान व्हतं,” सविताबाई म्हणाल्या.

“ते व्हय? ते तवाच काढलं की. ती बाई वढ्यापल्याड हुबी ऱ्हाऊन वरडत व्हती न्हवं का, भिंतीवरनं काढा म्हनून? म्या हात क्येला तिला. घरी आले आन पयलं ते काढलं.”

आम्ही एकमेकांकडे पाहिले. जनाबाई आत गेल्या. पत्र्याच्या पेटीचे झाकण वाजले. लुगड्याच्या घडीतून त्यांनी चार घड्या घातलेला कागद आणला.

“येवढ्या पावसात येवढ्या लांबनं आली, म्हंजी तिचा कायतरी महत्त्वाचा कागूद आसंल. न्ह्यायला यील म्हनून जपून ठिवला. कोकणात जातानाबी पेटीतच व्हता. लई दिस लावले तुमी.”

दुसऱ्या दिवशी मी तो कागद ताईंच्या टेबलावर ठेवला आणि जनाबाईंचे शब्द जसेच्या तसे सांगितले. ताईंनी घड्या उलगडल्या. पट्टी खरोखरच डांबरासारखी होती. त्यांनी कागद तळव्याने सपाट केला. मग चष्मा काढून पुसला, वही उघडली, लाल पेनाने शेवटच्या ओळीवर खूण केली आणि म्हणाल्या, “ऐकू गेलं होतं तर.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कागद बंबात गेला. त्यानंतर ताईंनी मला विचारले, “तुमचा लेख कधी देताय? तारीख उलटून गेली आहे.”

ती तारीख मी या वेळी मुद्दामच पाळली नाही. लेख पूर्ण व्हायचा होता, आणि तो त्या एका खुणेवाचून पूर्ण होत नव्हता.

कुंदाताईंनी आम्हांला टाइप करायला शिकवले, असे आम्ही सगळीकडे सांगतो. कागद ज्याच्या हातात शेवटी पडतो त्याच्यासाठी करायचा, आणि चुकला तर आपल्या पायांनी जाऊन परत आणायचा, हेही त्यांनी शिकवले. ते आम्ही किती शिकलो, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

ताईंना दीर्घ आणि निरोगी आयुष्य मिळो. त्यांच्या गुडघ्याने एसटीची पायरी चढताना कुरकुर करू नये, चष्म्याचा नंबर आहे तिथेच राहावा आणि ओढ्यापलीकडे पोहोचणारा तो आवाज आमच्यावर रागावण्यासाठी शंभर वर्षांपर्यंत तसाच खणखणीत राहावा. साडेसातची तुकडी वेळेवर हजर राहील.

या ग्रंथातल्या सर्व लेखांची शीर्षके दहा टक्के राखाडी पट्टीवर आहेत. ग्रंथ छपाईला जाण्यापूर्वी त्यांची तिसरी झेरॉक्स काढण्यात आली. बबनराव आता गाडीवर बसत नाहीत, म्हणून ती घरी नेऊन त्यांच्या हातात दिली. त्यांनी हे शीर्षक मोठ्याने वाचले, खालच्या पहिल्या ओळीतले ताईंचे नाव दोनदा वाचले आणि म्हणाले, “पास.”